वस्त्रगाळ

‘गाळणे’ या क्रियापदाशी आम्हां दोघांचा व्यावसायिक संबंध फार जुना. ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न आम्ही आजवर किती वेळा काढला असेल याची गणती नाही. पु. ल. देशपांडे यांनी मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला ‘गाळीव’ हे विशेषण लावले आणि तेही कंसात का, यावर वर्गात एक अख्खा तास खर्ची घातल्याचेही स्मरते. तथापि या क्रियापदात दडलेली एक गंमत स्वयंपाकघरात उभे राहीपर्यंत आमच्या ध्यानात आली नव्हती. वाक्यातला शब्द गाळला की तो गेला. चहा गाळला की तो राहिला. क्रिया एकच, पण एकीकडे गाळलेले टाकायचे आणि दुसरीकडे गाळलेलेच जपायचे.

निमित्त बदामाच्या दुधाचे. धाकट्या मुलीला दुधातील लॅक्टोज पचत नाही, असे २०२२ साली निष्पन्न झाले. दही तिला सोसते. पेलाभर दूध मात्र सोसत नाही, आणि सकाळच्या पेल्याचा तिचा हट्ट सुटत नव्हता. बाजारातील खोक्यांची किंमत आणि त्यांतील बदामांचे प्रमाण यांचा मेळ आम्हांला बसेना. वाटीभर बदाम रात्रभर भिजवावेत, सोलावेत, तीन वाट्या पाणी घालून वाटावेत आणि गाळावेत, एवढीच ती कृती. (या दुधात गाईच्या दुधाच्या मानाने प्रथिने बरीच कमी असतात, तेव्हा ते दुधाची जागा घेते अशी समजूत आम्ही करून घेतली नाही. नाचणी आणि डाळी चालूच राहिल्या.)

वाटेपर्यंत सारे सुरळीत झाले. गाळताना मात्र आमची गाळण उडाली. चहाच्या गाळणीतून कणी खाली उतरली आणि पहिल्याच घोटाला मुलीने तोंड वाकडे केले. पिठाच्या चाळणीची तीच कथा. कॉफी गाळण्याचा कागद लावून पाहिला, तर बदामातील स्निग्धांशाने त्याची छिद्रे बुजली आणि अर्ध्या तासात जेमतेम चार चमचे दूध उतरले. कोरा हातरुमाल घेतला. त्याची वीण घट्ट, शिवाय अंगात खळ, त्यामुळे दुधाला कापडाच्या दुकानाचा वास आला. लोंबत्या सुतांचा टॉवेल तर दूध स्वतःच पिऊन बसला. खास या कामासाठी मिळणारी नायलॉनची पिशवी मागवली, ती न्याय्य बुद्धीने सांगायचे तर चांगली होती. फक्त तिच्या शिवणीत चोथा अडकून राही आणि दोन दिवसांत तिला खवट वास येई. मध्यंतरी काजूचे दूध करून पाहिले. ते बारीक वाटले की गाळावेच लागत नाही. पण मुलीला ते आवडेना.

त्याच सुमारास वेंगुर्ल्याहून आई आली. आम्हांपैकी एकाची ती आई, दुसऱ्याची सासू. पण ‘आई’ दोघांचीही. तिने आमचा सगळा सरंजाम पाहिला आणि विचारले, “घरात एखादा जुना पंचा नाही का?”

होता. २०१७ साली नाना गेले, त्यानंतर त्यांचा एक पंचा आम्ही आठवण म्हणून आणला होता. कडुनिंबाची पाने घालून तो कपाटात नीट घडी करून ठेवला होता. मुद्दाम कोणाला दाखवण्याजोगे त्यात काही नव्हते. तो तिथे आहे, एवढेच आम्हांला पुरे होते.

आम्ही तो आणून दिला खरा, पण देताना हात जड झाला. आईने तो धुतला, पाण्यात उकळला, उन्हात वाळवला आणि मग काठ दातांत धरून टर्रकन दोन तुकडे केले. आमचे चेहरे पाहून ती म्हणाली, “अरे, सोलकढीला नेहमी यांचाच पंचा लागायचा. नवा कशाला फाडीन मी?”

म्हणजे लहानपणापासून आमच्या ताटाशेजारी वाटीत येणारी सोलकढी नानांच्या पंच्यातून उतरलेली होती. नवा पंचा वर्ष-दीड वर्ष नानांच्या अंगावर. मऊ पडला की स्वयंपाकघरात, नारळाचा रस काढायला. तिथून भांडी पुसायला. आणि शेवटी लादीला. घरात असे चक्र अव्याहत चालू होते आणि संहितेतील पाठभेद शोधण्यात हयात घालवणाऱ्या आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता.

आईने शिकवलेली रीत अशी. तुकडा आधी पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्यायचा, म्हणजे तो दूध शोषत नाही. पातेल्यावर चाळणी, चाळणीवर पंचा. मिश्रण ओतून थोडा वेळ आपसूक ठिबकू द्यायचे, मग चारही टोके एकत्र करून पीळ द्यायचा. सुरुवातीलाच जोर केला तर कणी कापडातून निसटते. काम झाल्याबरोबर तुकडा साध्या पाण्यात धुवायचा, सुवासिक साबण लावायचा नाही, आणि उन्हात टाकायचा. चोथा तिने त्याच दिवशी लाडवांत घातला. पेल्यात दूध इतके तलम उतरले की जुन्या वैद्यकीतला ‘वस्त्रगाळ’ हा शब्द आम्हांला प्रथमच जिभेवर कळला.

पीळ देताना आईची बोटे आता दुखतात. तिने तो आमच्या हाती दिला आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसून राहिली.

पहिला तुकडा गेल्या वर्षी विरला. दुसऱ्याला मध्यभागी छिद्र पडले आहे, म्हणून आम्ही तो दुहेरी घालून वापरतो. पूर्वी पंचा विरला की मागून दुसरा येई, कारण तो वापरणारा माणूस घरात होता. आमच्या घरात मात्र सगळे टॉवेल.

मागच्या महिन्यात आम्ही एक कोरा पंचा आणला. आम्हांपैकी एकजण स्नानानंतर तो वापरू लागला आहे. अजून अंगाला टोचतो. आई म्हणते, मऊ पडायला पुढचा पावसाळा उजाडेल.