करुणेचा हिशेब : स्विफ्टच्या उपरोधाविषयी

दारिद्र्याविषयी लिहिणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती वाचकाच्या सवयीची. भुकेचे वर्णन वाचून वाचक हळहळतो आणि त्या हळहळीतच आपले कर्तव्य संपले असे मानतो. जोनाथन स्विफ्टने १७२९ मध्ये डब्लिन येथे निनावी प्रसिद्ध केलेली ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ ही पुस्तिका नेमका या सवयीवर घाव घालते.

श्रोत्याचे मन वळविण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने सांगितली आहेत : वक्त्याची विश्वासार्हता, भावनेला आवाहन आणि युक्तिवाद. पुस्तिकेचा निवेदक ही तिन्ही साधने कसोशीने वापरतो. हा निवेदक म्हणजे स्विफ्ट नव्हे. तो विनम्र, अभ्यासू, लोकहिताची कळकळ असलेला गृहस्थ आहे. रस्तोरस्ती मुलांसह भीक मागणाऱ्या स्त्रियांचे चित्र तो आरंभीच रेखाटतो. परंतु त्यातील खिन्नता त्या आयांची नाही, ती पाहणाऱ्या वाटसरूची आहे. करुणेची दिशा पहिल्याच वाक्यात बदलते, आणि वाचकाच्या ते ध्यानातही येत नाही.

मग आकडे येतात. गरिबांच्या पोटी दरवर्षी १,२०,००० मुले जन्माला येतात. त्यांतील २०,००० पैदाशीसाठी राखावीत आणि उरलेली १,००,००० वर्षाची होताच धनिकांच्या ताटासाठी विकावीत. संगोपनाचा खर्च २ शिलिंग, किंमत १० शिलिंग, आईला निव्वळ नफा ८ शिलिंग. हिशेब चोख आहे. माणूस ही मोजून विकावयाची वस्तू होय, हे गृहीतकच तेवढे अमानुष आहे. विल्यम पेटीप्रभृतींनी सतराव्या शतकात रूढ केलेली ‘राजकीय अंकगणिता’ची भाषा येथे तिच्या तार्किक टोकास नेली आहे. नरमांसाच्या उल्लेखाने दचकणारा वाचक त्याआधीच्या मोजदादीला मात्र निमूटपणे मान डोलावून बसलेला असतो.

संस्कृत साहित्यशास्त्रातील व्याजस्तुती बहुधा एखाद्या श्लोकापुरती असते. येथे संपूर्ण रचनाच व्याजाने उभी आहे. म्हणूनच मुखवटा जेथे विरळ होतो त्या जागा मोलाच्या ठरतात. जमीनदारांनी आईबापांना आधीच गिळले असल्याने मुलांवर पहिला हक्क त्यांचाच, असे निवेदक सहज सुचवून जातो. पुढे परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, देशी मालाचा वापर, कुळांविषयी थोडी दया, हे उपाय तो एकेक करून झिडकारतो. आयरिश मालाच्या वापराचा पुरस्कार स्विफ्टने १७२० मध्येच उघडपणे केला होता. नकाराच्या या यादीत खऱ्या लेखकाचा संताप आणि नैराश्य ऐकू येते.

शेवटी निवेदक आपल्या निःस्वार्थीपणाचा पुरावा देतो : त्याचे धाकटे मूल नऊ वर्षांचे असून पत्नीला आता अपत्य होणे नाही. म्हणजे योजनेची झळ त्याच्या घराला लागणार नाही. विश्वासार्हतेचा हा अखेरचा दाखलाच तिचा पाया उखडून टाकतो. अध्यापनात या कृतीवर ‘उपरोध’ अशी चिठ्ठी चिकटवून पुढे जाणे सोपे असते. दुसऱ्यांच्या भुकेची योजना आखणाऱ्याला त्या योजनेची किंमत स्वतः मोजावी लागते काय, हा तिचा प्रश्न मात्र वाचकाला तसा टाळता येत नाही.