२९६ आणि ३

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की अमेरिकन फुटबॉलच्या बातम्यांत एक आकडा हमखास डोकं वर काढतो. १८०८. कॉलेजातून नुकताच आलेला एखादा पोरगा पहिल्या तीन-चार मॅचेसमध्ये सुसाट पळतो, आणि लगेच कुणीतरी कॅल्क्युलेटर काढून सांगतं की हा असाच पळत राहिला तर १८०८ मोडणार. मग नोव्हेंबर येतो, थंडी पडते, आणि तो आकडा गुपचूप परत फडताळात जाऊन बसतो. १९८३ पासून हेच चाललंय.

ज्यांना हा खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (बाकीच्यांनी हा परिच्छेद गाळावा). नाव फुटबॉल असलं तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. एक यार्ड म्हणजे तीन फूट. पुढे जायचे रस्ते दोन. एक तर चेंडू लांब फेकायचा, नाहीतर एकाच्या हातात कोंबायचा आणि त्याने समोरच्या भिंतीत घुसायचं. हा जो घुसतो तो रनिंग बॅक. समोरचे अकरा जण त्याला पाडायला टपलेले. कबड्डीतली साखळी आठवा, फक्त त्यातले काही जण सव्वाशे-दीडशे किलोचे आहेत असं समजा. एका वेळी चार यार्ड मिळाले तरी गडी खूश. आणि पहिल्या वर्षाच्या खेळाडूला म्हणतात रूकी. म्हणजे आपल्याकडचा फ्रेशर.

तर १८०८ यार्ड हा रूकीचा विक्रम एरिक डिकरसनचा. टेक्सासचा उंच पोरगा, ताठ उभा पळायचा, आणि लांबचं नीट दिसत नाही म्हणून चष्म्यासारखे मोठे गॉगल लावून खेळायचा. (चष्मिष्ट मंडळींनी इथे छाती फुगवायला हरकत नाही.) १९८३ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून सोळा मॅचेस, ३९० वेळा चेंडू घेऊन भिंतीत घुसणं, १८०८ यार्ड. त्याआधीचा रूकी विक्रम जॉर्ज रॉजर्सचा होता, १९८१ मधला, १६७४ चा. डिकरसनने पुढच्याच वर्षी २१०५ यार्ड काढले. हा एका सीझनचा विक्रम, नवा-जुना कुणीही धरून. २०२१ पासून सीझन सोळाऐवजी सतरा मॅचेसचा झाला, तरी दोन्ही आकडे जागचे हललेले नाहीत. आपल्याकडे गावसकरचे १९७१ मधले ७७४ जसे. पहिलीच सिरीज, बोटाच्या दुखण्यामुळे पहिली टेस्ट हुकलेली, आणि उरलेल्या चार टेस्टमध्ये ७७४. पदार्पणाच्या सिरीजमध्ये तेवढे अजून कुणाला जमलेले नाहीत.

हे सगळं मला कसं माहीत? तर २००७ साली मी मिनियापोलिसला ऑनसाइट होतो. वय तेवीस, स्वतःच रूकी.

त्या वर्षी अमेरिकेने घड्याळं मागे करायची तारीख बदलली होती. आधी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जायचं, २००७ पासून ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जायला लागलं. म्हणजे ४ नोव्हेंबर. ऐकायला फुटकळ वाटतं, पण सपोर्टवाल्यांना विचारा. त्या रात्री एकोणसाठ मिनिटांनंतर दोन वाजत नाहीत, पुन्हा एक वाजतो. त्यामुळे दीड वाजताचा बॅच जॉब दोनदा चालू शकतो. आमचा अर्थातच चालला. हजारो एन्ट्र्या डबल.

पुण्यात तेव्हा रविवार दुपारचा एक. ऑफशोअरला आमचे काका होते. वय पस्तीस फक्त, पण बाकी टीम बावीस-तेवीसची, म्हणून काका. मी फोन केला. "काका, जेवताय का?"

"बसलोच होतो. बोल."

ताट बाजूला सारून त्यांनी लॉग वाचले, डबल एन्ट्र्या वेगळ्या काढणारी क्वेरी लिहून पाठवली. मी इथून चालवली, तपासली, तिकीट बंद केलं. तिकिटावर 'रिझॉल्व्ड बाय' म्हणून एकच नाव बसायचं. बंद करणाऱ्याचं. माझं.

पहाटे झोपलो. दुपारी रूममेटने हलवून उठवलं, "अरे मॅच बघ, इथल्याच टीमची आहे." मिनेसोटा व्हायकिंग्ज विरुद्ध सॅन डिएगो चार्जर्स. व्हायकिंग्जकडे एड्रियन पीटरसन नावाचा रूकी, बावीस वर्षांचा. पहिल्या हाफमध्ये त्याला फक्त ४३ यार्ड. उलट हाफ संपता संपता सॅन डिएगोच्या अँटोनिओ क्रोमार्टीने व्हायकिंग्जची हुकलेली किक मागच्या रेषेजवळ पकडली आणि अख्खं मैदान पार करून १०९ यार्ड पळाला. मी परत झोपायच्या बेतात होतो. झोपलो नाही हे बरं झालं. दुसऱ्या हाफमध्ये पीटरसनने २५३ यार्ड काढले. तो भिंतीशी एक क्षण घुटमळायचा, कुठेतरी फट दिसायची, आणि मग तो दिसेनासाच व्हायचा. कॅमेऱ्याला त्याला शोधावं लागायचं. एकूण २९६. एका मॅचमधला एनएफएलचा विक्रम. आधीचा जमाल लुईसचा २००३ मधला २९५ चा. एका यार्डने मोडला, तेही आठव्याच मॅचमध्ये.

आठ मॅचेसमध्ये त्याचे १०३६ झाले होते. सीझन सोळाचा. दुसरी यत्तेतलं पोर सांगेल, २०७२. १८०८ तर गेलाच, डिकरसनचा २१०५ सुद्धा धोक्यात. आपल्याकडे वनडेत पंचवीस ओव्हर झाल्या की स्क्रीनवर येतं ना, सध्याच्या गतीने अमुक, सहाच्या गतीने तमुक, तसंच. त्या पाटीवर कुठेही लिहिलेलं नसतं की पुढच्या ओव्हरला विकेट पडू शकते.

सोमवारी आमच्याकडेही तीच पाटी लागली. मॅनेजरने एक्सेल उघडलं. प्रत्येकाच्या नावापुढे बंद केलेली तिकिटं. माझं नाव सगळ्यात वर. त्याने सेलचा कोपरा धरून खाली ओढला आणि आकडे आपोआप भरत गेले. या गतीने सगळं काम १५ डिसेंबरलाच संपतंय. क्लायंटला तशी तारीख देऊ या का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "डुएबल आहे."

दिवाळी त्याच शुक्रवारी होती. तारीख अलीकडे आली म्हणून ऑफशोअरच्या दोघांच्या दिवाळीच्या रजा रद्द झाल्या. त्यातले एक काका.

रविवारी, ११ नोव्हेंबरला, ग्रीन बेमध्ये पीटरसन कोसळला. उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. दोन मॅचेस बाहेर. परत आला तो डेट्रॉइटविरुद्ध ११६ यार्ड काढूनच, आणि कॅल्क्युलेटर पुन्हा बाहेर आले. मग ९ डिसेंबर, सॅन फ्रान्सिस्को. चौदा वेळा चेंडू घेऊन घुसला. यार्ड किती? तीन. तीस नव्हे, तीन.

पाच आठवड्यांपूर्वी २९६, आता ३. पळणारा माणूस तोच.

ती मॅच मी पूर्ण बघितली आणि पहिल्यांदाच चेंडू सोडून बाकीच्यांकडे बघितलं. व्हायकिंग्जचं फेकणं त्या वर्षी कच्चं होतं. त्यामुळे समोरचे बिनधास्त पुढे येऊन गर्दी करायचे, सगळे डोळे पीटरसनवर. फट पडायलाच जागा नाही. ही फट कोण पाडतं? चेंडूच्या पुढे पाच जण वाकून बसलेले असतात, ऑफेन्सिव्ह लाइन. व्हायकिंग्जच्या डाव्या बाजूला ब्रायंट मॅकिनी, स्टीव्ह हचिन्सन, मधे मॅट बर्क. हा बर्क तिथलाच, सेंट पॉलचा, आणि हार्वर्डचा पदवीधर. मागून आधी घुसून वाट करून देणारा टोनी रिचर्डसन वेगळाच. या मंडळींचं काम म्हणजे समोरच्याला ढकलायचं आणि ढकलत राहायचं. स्कोअरकार्डवर यार्डांच्या रकान्यात त्यांचं नाव नाही. त्यांचा नंबर माइकवरून पुकारला जातो तो फक्त चूक झाली तर. होल्डिंग, नंबर अमुक, दहा यार्ड मागे. (टेस्टिंगवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय?)

गंमत म्हणजे ती मॅच व्हायकिंग्जने २७-७ अशी आरामात जिंकली. समोरचे सगळे पीटरसनवर डोळा ठेवून असताना त्याचाच जोडीदार चेस्टर टेलर एकदा चेंडू घेऊन ८४ यार्ड पळाला.

सीझन संपला तेव्हा पीटरसनचे १३४१ होते. शेवटच्या आठ मॅचेसमध्ये दोन चुकल्या, उरलेल्या सहांत ३०५. तरीही वर्षाचा सर्वोत्तम रूकी तोच ठरला, आणि त्यात गैर काहीच नाही. माझंही तसंच झालं. डिसेंबरच्या सुरुवातीला काकांनी प्रोजेक्ट बदलून मागितलं आणि ते गेले. माझी तिकिटं एकदम गळपटली. क्लायंटच्या माणसाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, आता राहिलेली तिकिटं जरा कॉम्प्लेक्स आहेत. १५ डिसेंबर उलटून गेला, काम जानेवारीच्या शेवटी संपलं. ऍप्रेझलमध्ये मला वरचं रेटिंग मिळालं. काकांना मधलं. त्या मीटिंगमध्ये एक वाक्य बोलायला मला दहा सेकंद लागले असते. बोललो नाही. विसरलो असंही नाही. बोलायचं नव्हतं.

पुढे २०११ च्या डिसेंबरात पीटरसनच्या डाव्या गुडघ्याचं पार वाटोळं झालं, आणि पुढच्याच सीझनला तो २०९७ यार्ड पळाला. डिकरसनच्या २१०५ ला आठ कमी. शेवटची मॅच ३० डिसेंबर २०१२, पुन्हा ग्रीन बेशी. अखेरच्या क्षणी तो २६ यार्ड घुसला, त्यामुळे टीम किक मारायच्या टप्प्यात आली, किक बसली, मॅच जिंकली, खेळ खल्लास. विक्रमासाठी त्याला आणखी एकदा घुसायला मिळालं असतं तर? पण मग ती किक मारायची कधी? २०२४ च्या सीझनला सॅक्वॉन बार्कलीचे २००५ झाले होते. त्याच्या टीमने, ईगल्सने, शेवटच्या मॅचला त्याला विश्रांती दिली. विक्रम राहिला, पुढच्या महिन्यात सुपर बोल मिळाला. कॅल्क्युलेटरवाले हळहळले.

२०१३ च्या जानेवारीत मी पुण्यात होतो, पीटरसनचे आठ यार्ड डोक्यात ताजे होते, आणि कर्वे रोडवर अचानक काका भेटले. अमृततुल्यमध्ये बसलो. मी सगळं सांगितलं. क्वेरी तुमची होती, नाव माझं लागलं, मी गप्प बसलो, वगैरे. पाच वर्षं उशिरा का होईना.

काका हसले. "ते घड्याळाचं ना? अरे, त्या क्वेरीत मी एक कंडिशन विसरलो होतो. तू चालवायच्या आधी पकडलीस. नाहीतर खऱ्या एन्ट्र्याही उडाल्या असत्या."

हे मला अजिबात आठवत नव्हतं. मला वाटलं, चला, म्हणजे फिटंफाट.

चहा संपवून ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "नावाचं काही नाही रे. पण त्या वर्षी लेकीची पहिली दिवाळी होती. रात्री ऑफिसमधून घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. तेवढं वाईट वाटतं बघ."

मी चहाचे पैसे दिले. दुसरं काय देणार?

आता मी स्वतः मीटिंगमध्ये एक्सेल उघडणाऱ्या बाजूला बसतो. सेलचा कोपरा धरून खाली ओढायची सवय गेलेली नाही. ओढायच्या आधी रजेचा कॅलेंडर उघडून बघतो, इतकंच. मागच्या आठवड्यात एका पोरीने मला सांगितलं, "सर, या गतीने आपण महिनाअखेर संपवू." मी विचारलं, "तुझ्याबरोबर रात्री कोण जागतंय?" ती जरा गोंधळली. मग तिने दोन नावं सांगितली.

असो. उद्या सोमवार.