शांतीची खूण

८ मे २०२५ च्या रात्री आमच्या घरात टेलिव्हिजनपुढे दोन पक्ष पडले होते. मुलाला धरमशालेचा क्रिकेटचा सामना पाहायचा होता आणि मला रोममधली एक चिमणी. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला निवर्तले होते. सिस्टिन चॅपेलमध्ये कार्डिनल मंडळी आदल्या दिवसापासून दारे लावून बसली होती, आणि नवा पोप निवडला गेला की त्या चिमणीतून पांढरा धूर निघायचा होता. तोवर तिच्याजवळ छपरावर एक समुद्रपक्षी आपल्या पिलाला घेऊन हिंडत होता, तेवढेच काय ते दृश्य. शेवटी सौभाग्यवतींनी निवाडा दिला : एक षटक मुलाचे, पाच मिनिटे माझी.

साडेनऊच्या सुमारास धरमशालेच्या मैदानावरचे दिवे गेले. पंजाबच्या एक बाद १२२ धावा झाल्या होत्या. आधी वाटले, दिव्यांतच काही बिघाड असेल. मग प्रेक्षकांना बाहेर जायला सांगू लागले, तेव्हा कळले की सीमेवरचे युद्ध मैदानापर्यंत पोचले आहे. मुलाने मुकाट्याने रोम लावले, तो तिथे पांढरा धूर! तासाभराने नवे पोप लिओ चौदावे सज्जात आले आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी सगळ्यांना शांती चिंतिली. मुलगा म्हणाला, "बाबा, ह्यांना धरमशालेचे कुणी सांगितले?"

धर्माची बातमी, युद्धाची बातमी आणि खेळाची बातमी वर्तमानपत्रात वेगवेगळ्या पानांवर छापतात. पण माणसाच्या डोक्यात अशी पाने नसतात. पोप फ्रान्सिसांचेच पाहा. ब्युनोस आयर्सच्या सान लोरेन्झो संघाचे ते जन्माचे चाहते. हा संघही १९०८ साली एका पाद्रीबुवांच्या आश्रयाने उभा राहिला, रस्त्यावर चेंडू लाथाडणाऱ्या पोरांना त्यांनी चर्चचे आवार खुले करून दिले म्हणून. फ्रान्सिसांनी १९९० साली टेलिव्हिजन न पाहण्याचा नेम केला आणि तो पाळला. मग संघाचे काय झाले हे त्यांना एक स्विस पहारेकरी टेबलावर चिठ्ठी ठेवून कळवी. हेच वृद्ध गृहस्थ ऑक्टोबर २०२३ पासून जवळजवळ रोज संध्याकाळी गाझातल्या एकुलत्या एका कॅथलिक चर्चला फोन करीत. काय खाल्लेत, मुले कशी आहेत, एवढीच विचारपूस. त्या फोनने युद्ध थांबले नाही. मरणाच्या दोन दिवस आधीपर्यंत तो फोन मात्र चालू होता.

२१ एप्रिलला फ्रान्सिस गेले आणि दुसऱ्याच दिवशी पहलगामला २६ माणसांना ठार मारण्यात आले. त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. पुढचे सारे सर्वांना ठाऊक आहे. १० मे रोजी तोफा थांबल्या; दुसऱ्या दिवशी रविवारच्या प्रार्थनेनंतर पोप लिओंनी त्याबद्दल समाधान व्यक्त केले. आणि १४ सप्टेंबरला दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात आपण पाकिस्तानला हरवले, पण आपल्या खेळाडूंनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले नाही. आमच्या आळीत त्यावर दोन दिवस चर्चा चालली. रविवारी ती चर्चच्या पायरीवरही चालली, आणि तिथे ती मला फारच विनोदी वाटली, कारण आम्ही सगळे पाचच मिनिटांपूर्वी एकमेकांना शांतीची खूण करून बाहेर पडलो होतो.

ही खूण काय ते सांगतो. आमच्या वसईत मिस्सा मराठीतून होते. कम्युनियनच्या आधी फादर सांगतात, एकमेकांना शांतीची खूण द्या. युरोपात लोक हस्तांदोलन करतात. भारतातल्या बिशपांनी १९६९ साली रोमची संमती मिळवून इथे हात जोडण्याची मुभा आणली. म्हणून आम्ही उजवीकडे, डावीकडे, मागे वळून नमस्कार करतो. ह्या विधीत फादर कधी विचारीत नाहीत की भांडण मिटले आहे काय. शेजारी कोण बसावे हेही आपल्या हाती नसते.

माझ्या वडिलांचे आणि धाकट्या काकांचे विहिरीवरून बिनसले होते. विहीर सामाईक, पंप वडिलांचा, आणि एप्रिलमध्ये केळीच्या वाडीला पाणी देण्याची पाळी कुणाची किती तास, हा वाद. अकरा वर्षे बोलणे बंद. पण काकांची बसण्याची जागा वडिलांच्या नेमकी पुढच्या बाकावर, आणि दोघांपैकी एकही ती सोडायला तयार नाही. फादरांनी शब्द उच्चारले की काका मागे वळत. दोघे हात जोडीत. काकांची नजर वडिलांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर, वडिलांची नजर काकांच्या खांद्यावरून पलीकडच्या खांबावर. मी एकदा आईला विचारले, "हे असे खोटे खोटे का करतात?" ती म्हणाली, "अरे, बाकीचे सहा दिवस तेवढेही करीत नाहीत."

ते भांडण मिटले असे मला म्हणता येणार नाही. विहिरीचे पाणी खारे झाले, केळी गेल्या, भांडायला काही उरले नाही. पण वडील अंथरुणाला खिळले तेव्हा एका संध्याकाळी काका दारात येऊन उभे राहिले, आणि अकरा वर्षांनी काय बोलावे हे न सुचून त्यांनी सवयीने हात जोडले. वडिलांनीही पडल्या पडल्या जोडले. मग काका म्हणाले, "दादा, औषध घेतलेस?"

दुबईच्या खेळाडूंना दोष देण्याचा मला अधिकार नाही. ज्या घरातले माणूस गेले त्या घराला हस्तांदोलनाचे उपदेश करणे हा तर निव्वळ निर्लज्जपणा होईल. पण 'मनात नाही तर हात कशाला पुढे करायचा?' हा आमच्या पायरीवरचा प्रश्न मला पटत नाही. मनात असते तर खुणेची गरजच काय होती?

क्रिकेटचेच एक उदाहरण देतो. व्हॅटिकनचा क्रिकेट संघ आहे, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. २०१३ साली तो स्थापन झाला, कल्पना ऑस्ट्रेलियाच्या तिथल्या राजदूतांची. रोममध्ये धर्मशिक्षण घेणारे भारत, पाकिस्तान, श्रीलंका अशा देशांतले तरुण त्यात एकत्र खेळू लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये हा संघ इंग्लंडला गेला आणि कँटरबरीला अँग्लिकन चर्चच्या संघाशी खेळला. आठव्या हेन्रीने १५३४ साली रोमशी काडीमोड घेतला, त्याला तेव्हा ४८० वर्षे झाली होती. सामना अँग्लिकनांनी जिंकला. तो निकाल रोमने निमूटपणे मान्य केला, हेन्रीच्या वेळी हे जमले नव्हते.

२८ सप्टेंबरला आपण आशिया चषक जिंकला आणि पाकिस्तानच्या मंत्र्यांच्या हातून तो घ्यायचे नाकारले; खेळाडूंनी रिकामे हात उंचावून आनंद साजरा केला. पंधरवड्याने, १४ ऑक्टोबरला, मलेशियात जोहोर बाहरूला एकवीस वर्षांखालच्या मुलांचा हॉकीचा सामना झाला. पुन्हा भारत आणि पाकिस्तान. राष्ट्रगीते झाली, मुले रांगेने समोरासमोर आली आणि एकमेकांच्या तळहातांवर टाळ्या देत पुढे गेली. मग खेळले, आणि चांगले चुरशीने खेळले. तीन-तीन अशी बरोबरी झाली.