अर्जातील रकाना आणि नोंदवहीतील ओळ

इतिहासाचा अभ्यासक जुन्या कागदाकडे प्रेमाने पाहतो. आपल्या समाजाची कागदाशी पहिली ओळख मात्र भीतीतून झाली. निजामी राजवटीत मराठवाड्याचा वरिष्ठ कारभार उर्दूत चाले. घरातली भाषा मराठी, कचेरीतली उर्दू, आणि कागदावरचा सन फसली. आपले गाऱ्हाणे सरकारदरबारी मांडायचे तर कचेरीबाहेर बसलेल्या अर्जनविसाला पैसे मोजावे लागत. त्याने काय लिहिले हे सांगणाऱ्याला वाचता येत नसे. खाली अंगठा मात्र सांगणाऱ्याचाच उमटे. अर्ज कोण भरतो, कोणत्या शब्दांत भरतो आणि भरलेला मजकूर कोण वाचून पाहतो, हे प्रश्न म्हणूनच आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीत. आमच्या शाळेतील अर्ज व दाखले आता संगणकाची आज्ञावली भरते आणि छापते. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

निवासी शाळेतील एका मुलामागे वर्षाकाठी किती कागद लागतात, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. बोनाफाइड, वसतिगृहाचा अर्ज, बँक खात्याचा अर्ज, शिष्यवृत्तीसाठी शाळेचे प्रमाणपत्र, जातीच्या दाखल्यासाठी प्रवेश-निर्गम उतारा, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना आणि शेवटी शाळा सोडल्याचा दाखला. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना 1944 साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तिचा अर्ज महाडीबीटीवर भरला जातो. पण त्यासोबत जोडायचे कागद शाळेतूनच निघतात. आमची मुले कंधार, लोहा, मुखेड, किनवट, अहमदपूर, उदगीर, जळकोट अशा तालुक्यांतली. अनेकांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. अर्जाची मुदत संपत येते तेव्हा पालक एखाद्या साखर कारखान्याच्या फडावर असतात. एकच नाव, एकच जन्मतारीख, एकच पत्ता आम्ही शिक्षक दहा कागदांवर दहा वेळा हाताने लिहीत असू. त्यात कुठे वेलांटी बदले, कुठे आडनावातील एखादे अक्षर गळे, आणि दोन कागद जुळत नाहीत म्हणून पोराचा अर्ज परत येई.

हे काम सोपे केले ते आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने. ऊसतोड कामगाराची ही मुलगी आज पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करते. दोन सुट्ट्या तिने शाळेच्या कार्यालयात काढल्या. तिने आम्हांस जे समजावले ते पालकांनाही समजावे, म्हणून येथे देतो.

पीडीएफ हा कागदाचा संगणकीय अवतार 1993 साली अॅडोबी कंपनीने आणला. कोणत्याही यंत्रावर उघडा, कोणत्याही छपाईयंत्रावर छापा, पानाची मांडणी हलत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे त्यात भरता येणारे रकाने आले. अशा अर्जातील प्रत्येक रकान्याला आत एक नाव असते. ते आपल्याला दिसत नाही, आज्ञावलीला दिसते. आपल्याजवळ जनरल रजिस्टरवरून तयार केलेला तक्ता असतो. तक्त्यातील कोणता स्तंभ कोणत्या रकान्यात जायचा, याची जोडयादी एकदाच करायची. मग आज्ञावली एकेका मुलाची ओळ उचलते, रकाने भरते, भरलेला मजकूर पानावर कायमचा बसवून टाकते आणि छपाईला पाठवते. ज्या कामाला आमचे आठवडे जात, ते आता एका दुपारी आटोपते.

अडचणी आल्या त्याही बोधप्रद होत्या. चौकटीत बरोबरची खूण करायची तर 'होय' असे लिहून चालत नाही. अर्ज तयार करणाऱ्याने त्या खुणेला आत जे नाव दिले असेल तेच द्यावे लागते. अन्यथा चौकट कोरी राहते आणि तक्रारही करत नाही. काही नमुने म्हणजे कागदाचे नुसते छायाचित्र. त्यांत रकानेच नसतात. तेथे पट्टी घेऊन मोजावे लागते, आणि मोजायचे ते पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून, एका इंचाचे 72 भाग धरून. वरून खाली लिहिणाऱ्या आम्हा शिक्षकांना ही खालून वर जाणारी मोजणी अंगवळणी पडायला वेळ लागला.

सर्वांत मोठी अडचण आपल्या लिपीची. 'सिद्धार्थ' हे आपल्या घराघरांतले नाव घ्या. त्यात ऱ्हस्व वेलांटी उच्चारात 'स'नंतर येते पण लिहिली जाते आधी, 'द्ध' हे जोडाक्षर आहे आणि शेवटी रफार आहे. अर्जाच्या मूळ टंकात बहुधा देवनागरी नसतेच. असली तरी अक्षरे जुळवण्याचे ज्ञान आज्ञावलीला नसेल तर वेलांटी भलत्या जागी पडते, जोडाक्षर फुटते, रफार खाली उतरतो. यावर उपाय असा की, अक्षरे जुळवणारी स्वतंत्र प्रणाली वापरून युनिकोड टंकात नाव आधी नीट घडवायचे आणि मग ते रकान्याच्या जागी ठेवायचे. शाळेच्या जुन्या याद्या युनिकोडपूर्वीच्या टंकांत होत्या. त्या नव्या तक्त्यात नेताच नावांच्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हे उमटली. त्या याद्या रूपांतरित करून प्रत्येक नाव मूळ रजिस्टरशी ताडून पाहावे लागले. आपले नाव यंत्राला नीट लिहिता यावे म्हणून माणसाने एवढे कष्ट घ्यावेत, हे आम्हांस मनापासून आवडले.

तक्ता करताना मात्र आमच्यातील इतिहासाचा शिक्षक जागा झाला. कारण रकाना निष्पाप नसतो. 1950 सालच्या अनुसूचित जाती आदेशाने हा दर्जा हिंदू धर्मीयांशी जोडला होता. 1956 साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर केंद्राच्या अर्जात धर्म 'बौद्ध' लिहिला की अनुसूचित जातीची सवलत जाई, आणि सवलत राखायची तर धम्म लपवावा लागे. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तोवर एक अख्खी पिढी त्या दोन रकान्यांच्या कात्रीत वाढली. एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर 'हिंदू' आणि धाकट्याच्या दाखल्यावर 'बौद्ध' असे आढळते, त्याचे कारण या कात्रीत आहे. आमच्या तक्त्यात धर्म आणि जात हे दोन स्वतंत्र स्तंभ आहेत, आणि रजिस्टरात जसे आहे तसेच ते उतरतात. आज्ञावलीने एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही, हा नियम आम्ही घालून दिला.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. उदगीर-अहमदपूरकडच्या आजोबांचा त्या काळचा कागद निघालाच तर त्यावर जिल्हा बीदर असतो. 1956 साली तो भाग उस्मानाबादेत आला आणि 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा झाला. किनवटच्या आजोबांचा जिल्हा आदिलाबाद, नातवाचा नांदेड. घर जागचे हलले नाही, जिल्हा मात्र बदलत गेला. वर सन फसली. 1357 फसली म्हणजे ढोबळमानाने 1947-48, हे गणित नव्या कारकुनाला ठाऊक असेलच असे नाही. म्हणून 'कागदावरील जिल्हा' आणि 'आजचा जिल्हा' असे दोन स्तंभ आम्ही ठेवले. वंशावळीसोबत हा बदल सांगणारी दोन ओळींची टीपही आज्ञावली आपोआप छापते.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. हाताने लिहिताना दहा कागदांवर दहा वेगळ्या चुका होत. यंत्र एकच चूक दहाही कागदांवर सारख्याच सुबकपणे छापते. दहाही कागद जुळतात, म्हणून ती चूक खरी वाटू लागते. यंत्र नोंद वाहून नेते. नोंद खरी की खोटी, हे त्याला कळत नाही. आणि मुलाने शाळा सोडल्यावर नोंदवहीत दुरुस्ती करणे किती जिकिरीचे असते, हे ज्यांनी शिक्षण खात्याचे उंबरे झिजवले आहेत त्यांना विचारावे.

नोंदीचे मोल आम्ही सांगावे असे नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव 1914 या क्रमांकावर दाखल झाले. ती एक ओळ आजही जपून ठेवली आहे, आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आमच्या प्रत्येक मुलाची ओळ तेवढ्याच काळजीने लिहिली जावी, एवढीच आमची इच्छा.

म्हणून शाळेने एक प्रथा सुरू केली आहे. जूनमध्ये प्रवेश झाला की छपाईपूर्वी पालकांना बसवून मुलाची संपूर्ण नोंद मोठ्याने वाचून दाखवायची. ज्यांना वाचता येते त्यांनी स्वतः वाचायची. आईचे नाव आईला विचारूनच लिहायचे. 'आशाबाई' की 'आशा', हे तीच सांगणार. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. ती मुले शाळेत येतील तेव्हा रकाने बदलावे लागतील. त्याची तयारी आम्ही आताच केली आहे. पालकांचा होकार मिळाल्याखेरीज ती ओळ आज्ञावलीच्या हाती जात नाही. छापलेल्या कागदावर सही मुख्याध्यापकच करतात, तीही वाचून. हा सारा तक्ता शाळेच्या एकाच संगणकावर असतो. अर्ज फुकट भरून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर मुलांची माहिती आम्ही चढवत नाही; पालकांनीही चढवू नये.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. मेळाव्याला याल तेव्हा कार्यालयात येऊन रजिस्टरातील आपली ओळ एकदा वाचून जा. घरी आजोबांचा उर्दूतला उतारा, जुना सातबारा, कोतवालाच्या नोंदवहीची नक्कल असे काही जपलेले असेल, तर त्याची प्रत शाळेत जमा करा. उर्दू वाचणारे आमचे एक स्नेही शनिवारी दुपारी त्यासाठी वेळ देतात. पुढच्या वर्षी तुमच्याच भावाबहिणीच्या वंशावळीत ती प्रत उपयोगी पडेल.

कचेरीबाहेरच्या अर्जनविसापुढे उभ्या राहिलेल्या आपल्या पणजोबांना स्वतःचा अर्ज वाचता आला नाही. त्यांच्या पणतीने अर्ज भरणारी आज्ञावली लिहिली, आणि तिच्या ऊसतोड करणाऱ्या आईने आपल्या धाकट्या मुलाची नोंद आमच्यासमोर अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचली. वाचताना एके ठिकाणी थांबून ती म्हणाली, "गुरुजी, हितं माज्या नावात काना ऱ्हायलाय." तो काना आम्ही त्याच क्षणी घातला, आणि मगच अर्ज छापायला घेतला.