आजीची मेमरी आणि सेन्दाईची वाळू

गावी समुद्राला लागून घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी सहज विचारलं, "पाणी आत आलं तर?" आजी हसली. "इथवर पाणी येत नाही रे. माझ्या सासूबाईंनीसुद्धा कधी बघितलं नव्हतं." शंभरेक वर्षांचा डेटा आहे म्हटल्यावर मी गप्प बसलो.

मग एका रात्री जपानमधल्या सेन्दाईबद्दल वाचत बसलो. ८६९ साली तिथे मोठा भूकंप झाला, समुद्र आत घुसला आणि सुमारे हजार माणसं बुडाली, अशी नोंद दरबारी इतिहासात आहे. पुढे भातखाचरांखाली खणल्यावर काळ्या मातीत वाळूचा पातळ थर सापडला. त्यात समुद्रातल्या शैवालांचे सूक्ष्म सांगाडे होते. वादळही वाळू आत आणतं, पण ती सहसा किनाऱ्याजवळच पडते. ही मात्र चार किलोमीटर आत होती.

तारीख कशी काढली? थराच्या जरा वर ज्वालामुखीची राख आहे, ९१५ च्या तोवादा उद्रेकाची. म्हणजे वाळू त्याआधीची. लॉगमधल्या एका ओळीचा टाइमस्टॅम्प उडाला, तर आपण आजूबाजूच्या ओळी बघतो, तसंच. त्याखाली आणखी जुने थरही होते. २००१ मध्ये कोजी मिनौरा आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की अशा लाटा साधारण ८०० ते ११०० वर्षांनी येतात, आणि मागची येऊन ११०० वर्षं उलटली आहेत.

११ मार्च २०११ ला पाणी जवळपास पाच किलोमीटर आत आलं.

नंतर संशोधकांनी हा ताजा थर मोजला. ठळक वाळू तीन किलोमीटरच्या आसपासच संपली होती. पुढे नुसता चिखल. म्हणजे वाळू संपली तिथे पाणी थांबलं नव्हतं. जुन्या थरावरून काढलेला अंदाजही कमीच होता.

आपल्या बाजूलाही २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती. आजी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला हे कुणी सांगितलंच नाही.

आजी खोटं बोलत नव्हती. तिची आठवण तीन पिढ्यांची, समुद्राचा हिशोब हजार वर्षांचा. आमच्या किनाऱ्याखाली काय आहे, ते मी खणून पाहिलेलं नाही. तरी सकाळी बाबांना फोन केला, "घर वरच्या आंब्यापाशी बांधूया."

"मग समुद्र कसा दिसणार?"

"दिसेल की. थोडा लांबून."

बाबा अजून 'हो' म्हणालेले नाहीत.