अध्याहृत शब्द

वाक्यात उच्चारला न जाणारा, परंतु अर्थासाठी गृहीत धरलेला शब्द म्हणजे अध्याहृत शब्द. इंग्रजी वाक्यरचनेचा अभ्यास करताना मी प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेचा इंग्रजी पाठ न्याहाळला. देवाची इच्छा 'पूर्ण होवो' हे तेथे पृथ्वीसाठी एकदाच येते. स्वर्गासाठी ते अध्याहृत आहे.

भाकरीच्या मागणीत लॅटिन पाठ आरंभी भाकर ठेवतो, शेवटी 'आज'. इंग्रजीत 'दे' प्रथम येते आणि एरवी वाक्यान्ती शोभणारा 'आज' भाकरीच्याही पुढे सरकतो. आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. पीक हंगामात येते, भूक मात्र रोजची. म्हणून हा 'आज' मला मोलाचा वाटतो.

प्रत्येक भाषेत मागणी 'आम्हांस' अशीच आहे, 'मला' अशी नाही. शब्द अध्याहृत राहिला तरी चालते. भुकेला शेजारी तसा राहता कामा नये.