खामगावात बसून बिल्ड

आज भाच्याच्या लॅपटॉपवर रिअ‍ॅक्टचं सगळं बसवून दिलं. पोरगं शेगावला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला खामगावात आलंय. "मामा, एका पानासाठी एवढा पसारा कायले लागते?" म्हणे. प्रश्न रास्त आहे. ब्राउझरला जेएसएक्स कळत नाही, टाइपस्क्रिप्टही नाही. ते साध्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवायचं, शेकडो तुकडे मोजक्या फायलींत बांधायचे, म्हणून हा पसारा.

हा पसारा चालतो नोडवर, ते 2009 सालचं. पुढे हे तुकडे बांधायला वेबपॅक आलं, आणि त्याची कॉन्फिग फाईल जुळवण्यात आमच्या पिढीची उमेदीची वर्षं गेली. 2020 मध्ये आलेल्या व्हीटनं ती कटकट बरीच मिटवली. काम चालू असताना ते सगळा कोड बांधत बसत नाही. ब्राउझर मागेल तेवढीच फाईल बदलून देतं. जुन्या लॅपटॉपवर हा फरक लगेच कळतो.

खरी डोकेदुखी नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरची. आपण आवतण देतो चार पॅकेजेसना, येतं अख्खं वऱ्हाड. त्यातलं कोण कुणाच्या भरवशावर उभं आहे, हे एरवी कुणी बघत नाही. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड हे जेमतेम 11 ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्यानं काढून घेतलं, तर जगभरातले बिल्ड कोसळले!

आणि आपल्याकडे तर इन्स्टॉल निम्म्यावर असताना लाइट जाते. तेव्हा पोरांनो, पुन्हा इन्स्टॉल करताना नेमक्या त्याच आवृत्त्या याव्यात म्हणून पॅकेज-लॉकची फाईल गिटमध्ये टाकाच. ते वऱ्हाड मात्र टाकू नका.